कंट्रोलचा मरवा

सासूबाईंचं डोकं मरव्यानं दुखायला लागलं. त्याआधी ते नव्या पडद्यांच्या रंगानं दुखायचं आणि त्याच्याही आधी शेजारच्यांच्या मिक्सरनं. त्यामुळे बाल्कनीतल्या कुंडीकडे बोट करून त्या जेव्हा म्हणाल्या, "सूनबाई, तुझ्या या झाडाचा वास डोक्यात जातो बघ," तेव्हा सूनबाईचं जेवढं लक्ष गॅसवरच्या दुधाकडे होतं, त्यातलं चिमूटभरही तिनं तिकडे वळवलं नाही.

"आई, साधा मरवा आहे तो. कंट्रोलचा."

"साधा आहे तर असा का वागतो?"

"कसा वागतो?"

"वाळलेले टॉवेल घरात आणले तरी त्यांना वास. सकाळी तोंड पुसलं तर मला वाटलं, तू माझ्या टॉवेलवर अत्तर सांडलंस."

"बरं झालं की. सुवासिक झालात."

सासूबाईंनी नाक फेंदारलं आणि बाल्कनीचं दार लावून घेतलं. पेपर वाचणारा नवरा पेपरामागेच राहिला. सासू-सुनेच्या बोलण्यात पेपर खाली ठेवायचा नसतो, हे तो लग्नानंतर पहिल्या वर्षातच शिकला होता. बाकी फारसं काही शिकला नव्हता.

ही सून एखाद्या बँकेत असती किंवा शाळेत मुलांना पाढे शिकवत असती, तर तिचं हे दुर्लक्ष माफ होतं. पण मरव्याचा वास वाढवणं हाच तिचा धंदा होता. त्याचाच तिला पगार मिळत होता.

झाडांवर संशोधन करणाऱ्या तिच्या संस्थेत तिला सगळे मरवाबाई म्हणत. हे नाव खालच्या मजल्यावरच्या केळीवाल्यांनी पाडलेलं. केळीवाले म्हणजे टिश्यू कल्चरची केळीची रोपं करणाऱ्या विभागाचे प्रमुख. त्यांच्या हॉलमध्ये मांडण्याच मांडण्या, मांडणीवर बाटल्याच बाटल्या, आणि प्रत्येक बाटलीत एकसारखी, एका उंचीची, शाळेच्या प्रार्थनेला उभी केल्यासारखी केळी. ती विकली जायची. वरच्या मजल्यावर मरवाबाईंचा, वासाच्या झाडांचा विभाग होता आणि तिथलं काहीही अजून विकलं गेलेलं नव्हतं. "आम्ही कमवायचं आणि तुम्ही हुंगायचं," असं केळीवाले जिन्यात भेटले की म्हणत. मरवाबाई म्हणत, "हुंगायला तरी कुठे मिळतंय." हे दोघांचं ठरलेलं होतं.

आणि ते खरंही होतं. बाटलीतल्या मरव्याला वास नसतो. पानाचा बोटाच्या नखाएवढा तुकडा घ्यायचा, बाटलीत जेलीवर ठेवायचा, आणि उजेड, ऊब, औषधं यांच्या लाडानं त्यातून अख्खं रोप उभं करायचं. पण त्या बंद ओलसर हवेत पानांवरच्या तेलाच्या बारीक ग्रंथी भरतच नाहीत. रोप दिसतं मरव्यासारखं आणि वास येतो ओल्या कागदाचा. बाहेर मातीत, उन्हात गेलं की मगच ते स्वतःची ओळख सांगायला लागतं.

मरवाबाईंना त्याची ओळखच बदलायची होती. अत्तरं आणि साबण करणाऱ्या एका कंपनीला दुप्पट वासाचा मरवा हवा होता. जमिनीत एक जिवाणू असतो, त्याला आपला जनुक दुसऱ्याच्या झाडात घुसडायची खोड असते. त्याच्या पाठीवर आपला जनुक लादून पाठवायचा. वास वाढवणारा एक, आणि सोबत खुणेचा एक, जो असला की पान एका विशिष्ट रंगद्रव्यात निळं पडतं. मग त्या जिवाणूला औषध देऊन मारायचं, आणि ज्या पेशींनी जनुक घेतला नाही त्यांनाही मारायचं. उरेल ते आपलं. सांगायला एवढंच. पण मरव्याची जात हट्टी. कापलं की तुकडा रुसून तपकिरी व्हायचा. औषध जरा जास्त झालं की सगळंच मरायचं, जरा कमी झालं की भलतंच जगायचं. मरवाबाईंच्या केसांत पांढरं आलं, चष्म्याचा नंबर दोनदा बदलला, आणि मग एक दिवस एका तुकड्यातून आलेल्या रोपाचं पान निळं झालं. आकाशी नाही, चांगलं शाईसारखं निळं.

त्या दिवशी घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "निळं? अगं, एवढंच होतं तर मी दौतीत बुडवून दिलं असतं." मग तिचा चेहरा पाहून तो बाहेरून आइस्क्रीम घेऊन आला. वाईट माणूस नव्हता.

त्या रोपाला ती निळी म्हणायला लागली. मूलबाळ नव्हतं म्हणून असं लोक म्हणाले असते, म्हणून कुणासमोर म्हणत नसे.

आता कंट्रोलचं सांगायला हवं. प्रत्येक प्रयोगात जनुक घातलेल्या रोपाशेजारी एक न घातलेलंही वाढवायचं असतं, तुलनेला. तो कंट्रोल. प्रयोगाचं रोप संस्थेच्या बाहेर न्यायला सक्त मनाई. काम झालं की वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये घालून ते शिजवून मारायचं आणि मगच टाकायचं. पण कंट्रोल म्हणजे साधं झाड. त्याला काय मारायचं? म्हणून काम संपलं की कंट्रोलची रोपं लोक घरी न्यायचे. नियमात हे बसत नव्हतं आणि कुणी बसवायचा प्रयत्नही करत नव्हतं. ड्रायव्हरच्या दारात कंट्रोलचा पुदिना होता, रिसेप्शनवाल्या बाईंच्या खिडकीत कंट्रोलचा गवती चहा. अर्ध्या संस्थेच्या बाल्कन्या अशा तुलनेच्या झाडांवर हिरव्या झाल्या होत्या.

मरवाबाईंच्या घरचा मरवा आला तो उन्हाळ्यानंतर. त्या उन्हाळ्यात संस्थेचा एसी बंद पडला आणि दुरुस्तीवाला येईपर्यंत वाढीच्या खोलीत भट्टी पेटली. बुरशी आली. बाटल्याच्या बाटल्या आतून पांढऱ्या कापसानं भरून गेल्या. निळीच्या सगळ्या बाटल्या गेल्या, एक सोडून. ती एक तिनं कंट्रोलच्या एका बाटलीबरोबर वेगळ्या ट्रेमध्ये, वेगळ्या मांडणीवर नेऊन ठेवली, आणि आजाऱ्याच्या उशाशी बसावं तशी ती तिथं बसायला लागली. दिवसातून कितीदा तरी बाटल्या बाहेरून स्पिरिटनं पुसायची. बुरशीचा एक कण नको. रोपं उजेडाकडे माना करतात म्हणून ट्रे फिरवायची, की दोन्ही बाजूंना सारखा उजेड मिळावा. पुन्हा पुसायची.

स्पिरिटनं मार्करची अक्षरं जातात. हे तिथं सगळ्यांना माहीत असतं आणि सगळ्यांच्या हातून होतं. एका दुपारी तिच्या लक्षात आलं, की दोन्ही बाटल्यांवरचं नाव पुसून नुसता निळसर ओघळ राहिला आहे. तिला त्याचं काही वाटलं नाही. कोणती कोणती हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं: डावीकडे निळी, उजवीकडे कंट्रोल. तिनं मार्कर घेतला आणि लिहिलं.

एसी सुरू झाला. निळी वाचली. मातीत लागली, ग्रीनहाऊसमध्ये गेली, तिच्या फांद्यांवरून रोपं झाली, त्या रोपांवरून आणखी झाली. आणि उजवीकडचा कंट्रोल, काम संपल्यावर, मरवाबाईंनी पिशवीत घालून घरी नेला आणि बाल्कनीत लावला.

"हे काय आता?" सासूबाई म्हणाल्या.

"तुम्हाला आणलंय. भाजीत घाला."

"मला कोण विचारतं," असं म्हणत सासूबाईंनी संध्याकाळी त्याला पाणी घातलं.

ग्रीनहाऊसमधल्या मरव्याला मात्र म्हणावा तसा वास येईना. येत होता, मरव्याला येतो तेवढा. मरवाबाई सकाळी जाऊन पान चुरडायची, नाकाशी धरायची आणि मनाशी म्हणायची, ऊन कमी पडतंय. मग म्हणायची, फुलावर आला की वाढेल. फुलावर आला. मग म्हणायची, माती बदलून बघू. पानं पुन्हा निळ्या रंगाच्या परीक्षेला घालावीत असं एकदा मनात आलं होतं, पण त्या परीक्षेत पान मरतं. आणि एकदा निळं ते निळंच, पुन्हा कशाला विचारायचं? असं ती स्वतःला सांगत होती. खरं कारण असं, की घरातल्या माणसाला काही प्रश्न विचारायचे आपण टाळतो, त्यातलाच तो प्रश्न होता.

पहिल्यांदा तेल काढलं तेव्हा डायरेक्टरांनी आकड्यांचा कागद तिच्यापुढे सरकवला. "मरवाबाई, हे तर बाजारात मिळतं तेवढंच आहे."

"सर, पहिलंच पीक आहे."

"कंपनीची माणसं येतायत. त्यांना काही दिसलं नाही, तर वरचा मजला केळीला द्यावा लागेल. तुम्हाला काही कमी करणार नाही. तुम्ही खाली केळीत बसाल." हे शेवटचं वाक्य त्यांनी फार प्रेमानं म्हटलं.

त्याच संध्याकाळी ती घरी आली, चपला काढल्या, आणि आतून सासूबाई म्हणाल्या, "आलीस? तुझ्या त्या झाडानं आज तर कहर केला. दार लावलं तरी वास. माझी दुपारची झोप गेली. खालच्या वहिनीसुद्धा म्हणाल्या, काय हो, तुमच्याकडे साबण उकळतायत का."

मरवाबाई सरळ बाल्कनीत गेली. मरवा गुडघ्याएवढा झाला होता. तिनं त्याला मानगुटीला धरावं तसं बुडाशी धरलं आणि उपटला. मुळांना धरून आलेली माती तिनं कठड्यावर झटकली. स्वयंपाकघरातून जाऊन तो कचऱ्याच्या डब्यात दाबला, झाकण बसेना तर गुडघ्यानं दाबून बसवला.

"घ्या," ती म्हणाली. "संपला तुमचा त्रास."

तिच्या हातांना त्या रात्री जेवतानाही वास येत होता. तिला तो आला नाही असं नाही. पण दिवसभर मरव्यातच हात असलेल्या बाईला हाताला मरव्याचा वास येतो, यात तिला नवल वाटण्यासारखं काही नव्हतं.

कंपनीच्या लोकांना पान निळं होताना दाखवायचं, असं डायरेक्टरांनी ठरवलं. "लोकांना आकडे कळत नाहीत, रंग कळतो." म्हणून आधी एकदा आपल्यापुरतं करून पाहावं, एवढ्यासाठी मरवाबाईंनी निळीच्या ग्रीनहाऊसमधल्या रोपांची पानं रंगद्रव्यात घातली आणि उबेत ठेवली. दुसऱ्या दिवशी अल्कोहोलमध्ये टाकली. अल्कोहोलमध्ये पानाचा हिरवा रंग उतरतो आणि निळा असेल तर तो मागे राहतो.

हिरवा उतरला. मागे काही राहिलं नाही. पानं कागदासारखी पांढरी झाली, शिरा दिसायला लागल्या.

तिनं दुसऱ्या रोपांची घातली. मग एकेका रोपाचं एकेक पान. सगळी पांढरी.

केळीवाले काहीतरी मागायला वर आले, तर मरवाबाई स्टुलावर बसलेली आणि पुढे पांढऱ्या पानांच्या बशा. त्यांना परीक्षा कळत होती. त्यांनी जिन्यातला विनोद केला नाही. कोपऱ्यातल्या मशीनमधून चहा आणून तिच्यापुढे ठेवला, आणि मांडणीपाशी जाऊन उभे राहिले.

"ही तुमची पोरं एका बाजूला माना टाकून बसलीत," ते म्हणाले. "हल्ली ट्रे फिरवत नाही का?" आणि सवयीनं त्यांनी एक ट्रे उचलला, अर्धा फिरवला आणि परत ठेवला.

डावीकडची बाटली उजवीकडे गेली. उजवीकडची डावीकडे आली.

मरवाबाईंच्या हातातला कप तसाच राहिला. तिला त्या उन्हाळ्यातला तो ट्रे दिसला, स्वतःचा हात दिसला. माया करणारा हात. पुसणारा, फिरवणारा, पुन्हा पुसणारा. आणि मग मार्कर घेऊन, मागे वळूनही न बघता, डावीकडे निळी आणि उजवीकडे कंट्रोल लिहिणारा.

"काय झालं?" केळीवाल्यांनी विचारलं.

"मी घरी जाऊन येते," ती म्हणाली.

दुपारची वेळ होती. सासूबाई सोफ्यावर आडव्या झाल्या होत्या. सून अशा अवेळी दारात दिसल्यावर त्या उठून बसल्या. "कोण गेलं?"

"कुणी नाही. आई, तो मरवा. त्याची फांदी कुणाला दिली होती का तुम्ही?"

"कोणता मरवा?"

"बाल्कनीतला. मी उपटला तो. तुम्ही देता ना सगळ्यांना, प्रत्येक झाडाची फांदी. खालच्या वहिनींना दिली असेल. त्या कोपऱ्यावरच्या शिंपिणीला?"

ही आशा खोटी नव्हती. सासूबाईंच्या हातून आलेली कोरफड इमारतीच्या प्रत्येक मजल्यावर होती. त्यांच्या बाल्कनीतलं कुठलंही झाड महिन्याभरात गावभर व्हायचं.

"त्याची कुणाला देणार?" सासूबाई म्हणाल्या. "सगळ्यांना तर मी सांगत होते, मेलं डोकं उठवतं म्हणून. ज्याला त्याला. मग कोण घेईल?"

मरवाबाई बाल्कनीत गेली. त्या कुंडीत आता कोरफड होती. तिनं कोरफड उपसून बाजूला ठेवली, कुंडी फरशीवर ओतली आणि बोटांनी माती चाळायला बसली. काही मुळं सापडली, केसांसारखी, वाळलेली. तिनं ती तळहातावर घेतली, वाकवली. ती मोडली.

सासूबाई दारात उभ्या होत्या. सुनेनं फरशीभर माती केली आहे आणि आपण अजून काही बोललेलो नाही, हे त्यांचं त्यांनाच नवीन असावं.

"एवढं काय होतं त्यात?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही म्हणालात म्हणून मी उपटला."

"मी डोकं दुखतं म्हणाले. उपट कधी म्हणाले?" सासूबाईंचा आवाज चढला नाही. "मी तर गुडघे दुखतात असंही म्हणते. चांगलं झाड. मला तर वाटलं, तुझं ऑफिसात कुणाशी तरी भांडण झालंय आणि तू त्याच्यावर काढलंस. मग तू झोपायला गेल्यावर मी ते डब्यातून काढलं."

मरवाबाई उठली. "काढलं? कुठंय?"

"कुठं असणार. धुतलं, कपाटावर पेपर टाकून वाळवलं, आणि गरम पांघरुणांत घातलं. कसर लागत नाही."

कपाट उघडलं, आणि मरवाबाईला हुंगावंच लागलं नाही. वास समोरून आला. पांघरुणांच्या घड्यांमध्ये जुन्या रुमालांच्या चार-पाच पुरचुंड्या होत्या. तिनं एक सोडली. पानं करड्या हिरव्या रंगाची, कुरकुरीत, बोट लावलं की चुरा होणारी. तो चुरा हातात घेऊन ती पलंगावर बसली. मरव्याचा वास तिला आंधळ्यानं घर ओळखावं तसा ओळखू यायचा. हा मरवाच होता, पण जणू एवढे दिवस त्याला कुजबुजायची सक्ती होती आणि इथं कपाटात, अंधारात, मेल्यावर, त्याला मोकळ्या आवाजात बोलायला मिळालं होतं.

"उगवेल का त्यातून काही?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, आई. वाळलेल्या पानातून काही उगवत नाही."

"बी नाही धरलं?"

"बी भरायच्या आधीच उपटला."

दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला गेलेले असताना तिनं तो चुरा संस्थेत नेऊन तपासला. मेलेल्या पानाला निळा रंग चढत नाही, पण मेलेल्या पानातही जनुक शाबूत असतो, आणि तो शोधायची दुसरी परीक्षा आहे. त्यात शेवटी अंधारात एक जेलीची वडी बघायची. जनुक असेल तिथं चमकणारी पट्टी दिसते. ग्रीनहाऊसमधल्या मरव्याची जागा रिकामी होती. कपाटातल्या मरव्याच्या जागी पट्टी होती. जाड, स्पष्ट, जिथं असायला हवी तिथंच.

म्हणजे तिला जमलं होतं. एवढ्या वर्षांत तिला जे करायचं होतं ते तिनं केलं होतं. केलं, मग त्याला परक्याचं नाव दिलं, घरी नेलं, आणि मारलं. यात दुसऱ्या कुणाचा हात लागला असता तर तिला बरं वाटलं असतं. एखादा शत्रू असता, निदान केळीवाले तरी.

तिनं पट्टीचा फोटो छापून घेतला आणि डायरेक्टरांच्या खोलीत गेली. फोटो पदराआड धरावा तसा फाइलीत धरला होता. पांढऱ्या पानांचं त्यांना कळलेलं होतंच. तिनं ट्रेचं सांगितलं, पुसलेल्या अक्षरांचं सांगितलं.

डायरेक्टर मागे टेकले. "म्हणजे खरी ती कंट्रोल समजून बाजूला काढली तुम्ही."

"हो."

"मग ती कुठाय?"

मरवाबाईनं फाइलीवरचा हात हलवला नाही. फोटो दाखवला तर पुढचा प्रश्न असणार होता, पान कुठलं. आणि त्याचं उत्तर असणार होतं, सासूबाईंच्या पांघरुणातलं. जनुक घातलेलं रोप बाहेर गेलं म्हणजे पणाला नुसती तिची नोकरी नव्हती. संस्थेचा परवाना होता.

"सर, कंट्रोलचं आपण काय करतो, ते तुम्हाला माहीतच आहे."

डायरेक्टरांनी दाराकडे पाहिलं. दार लावलेलं होतं. मग हळूच म्हणाले, "मरवाबाई, माझ्या घरी जिरॅनियम आहे. तुमच्याच विभागातलं. कंट्रोलचं." मग ते पुढे वाकले. "कंट्रोलचंच आहे ना ते?"

"असावं," ती म्हणाली.

त्यांनी रुमाल काढून चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "तर तुमचं ते रोप. तुम्ही ते फेकलंत. बरोबर?"

"फेकलं," मरवाबाई म्हणाली. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"हेच बरं," डायरेक्टर म्हणाले. "पुन्हा करता येईल म्हणालो असतो, पण कंपनी तेवढं थांबणार नाही. तुम्हाला माहीतच आहे." आणि तिला चहा विचारला. त्या संस्थेत वाईट बातमीबरोबर चहा फुकट मिळायचा.

त्या आठवड्यात पुष्कळ लोकांनी आपापल्या बाल्कन्यांतली झाडं गुपचूप पिशवीत घालून परत आणली. रिसेप्शनवाल्या बाईंनी तर गवती चहा कुंडीसकट आणला आणि तीन वेळा विचारलं, "आम्ही रोज पीत होतो हो, काही होणार नाही ना?"

कंपनीची माणसं आली, आकडे पाहिले, केळी पाहिली, केळी आवडली. वरचा मजला केळीला गेला. ग्रीनहाऊसमधल्या मरव्याच्या कुंड्यांवर अजून निळीचं नाव होतं, म्हणजे कागदावर ते जनुक घातलेलं झाड होतं, म्हणजे नियमाप्रमाणे ते वाफेवर शिजवून मारायला हवं होतं. मरवाबाईनं स्वतः मारलं. साधा मरवा, आयुष्यात कुणाचं काही वाकडं न केलेला, फक्त नाव चुकलेला. कुकर उघडला तेव्हा खोलीभर उकडलेल्या पालेभाजीचा वास पसरला. एक कुंडी मात्र तिनं कुकरमध्ये घातली नाही. ती पिशवीत घालून घरी आणली. पहिल्या वेळी सक्त मनाई मोडतेय हे तिला माहीत नव्हतं, आणि या वेळी मोडत नाही हे कागदाला माहीत नव्हतं.

सासूबाईंनी ती कुंडी मागितली होती, असं नाही. पण पांघरुणं काढताना त्या एकदा सहज म्हणाल्या होत्या, की पुरचुंड्या आता मंद झाल्या, आणि बाल्कनीचा तो कोपरा रिकामा बरा दिसत नाही.

आता मरवाबाई दिवसभर खाली केळीच्या हॉलमध्ये बसते. केळीवाले तिला अजून मरवाबाईच म्हणतात. एकदा कुणी नवीन माणसानं विचारलं, केळीत मरवाबाई कशा, तर ते म्हणाले, "गप काम कर." बाटल्यांवरची नावं ती आता मार्करनं लिहीत नाही, पेन्सिलीनं कागदावर लिहून तो बाटलीच्या आत टाकते. केळीला त्याची काही गरज नसते. तिथं सगळी सारखीच असतात.

कुंडी आणली त्या संध्याकाळी सासूबाई बाल्कनीत गेल्या. एक पान तोडलं, चुरडलं, नाकाशी नेलं. दुसरं तोडलं.

"याला वास कुठाय?"

"आहे की, आई. मरव्याला असतो तेवढा आहे."

"हा तो नाही."

"नाही."

"तो कुठून आणला होतास मग?"

"तिथूनच. ऑफिसातून."

"मग तसाच आण की परत. ज्यांनी केला त्यांना सांग. एकदा जमलं ते पुन्हा जमेल."

मरवाबाई दोरीवरचे टॉवेल काढत होती. टॉवेलांना उन्हाचा वास येत होता, दुसरा कसलाच नाही.

"ज्यांनी केला त्या बाई आता केळीत असतात," ती म्हणाली. "त्यांना परत जमायचं नाही."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग वाकल्या, आणि गुडघ्यावर हात ठेवून त्या बिनवासाच्या मरव्याला पाणी घातलं.

"हुशार असणार बाई," त्या म्हणाल्या. आणि आत जाता जाता, दाराच्या चौकटीला धरून, "पण डोकं फार दुखवलं हो तिनं माझं."